युद्धाचं बिल आजच भरा

सकाळी एका मित्राच्या पोस्टखाली वाचलं, "खुल्या बाजारवाल्यांना युद्ध हवंच असतं, त्यांचा धंदा चालतो." खाली टाळ्यांचा पाऊस. तेव्हापासून डोकं तापलंय.

23 फेब्रुवारी 1855. रशियाविरुद्ध क्रिमियाचं युद्ध चालू आहे. ब्रिटिश संसदेत रॉचडेलचा गिरणीवाला जॉन ब्राइट बोलतोय. परदेशी धान्यावरची जकात 1846 मध्ये मोडून काढणाऱ्या चळवळीतला हा बिनीचा माणूस. म्हणाला, मृत्युदूत देशभर हिंडतोय, त्याच्या पंखांचा आवाज जवळजवळ ऐकू येतोय. सभागृह चिडीचूप. त्या युद्धात सुमारे 21 हजार ब्रिटिश सैनिक गेले, बहुतेक गोळीनं नव्हे, रोगराईनं.

हा माणूस बाजारवाला होता!

त्याचा साथी रिचर्ड कॉब्डेन. त्याचं म्हणणं अगदी व्यवहारी: युद्ध कर्जावर चालतं. कर्ज काढलं की आजच्या करदात्याला झळ लागत नाही, म्हणून तो झेंडे नाचवतो. तेव्हा युद्धखोर सरकारला कर्जच देऊ नका. जानेवारी 1850 मध्ये रशियानं लंडनच्या बाजारात साडेचार टक्क्यांनी 55 लाख पौंड मागितले, नाव सांगितलं पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेचं. कॉब्डेननं जाहीर सभेत सांगितलं, हा हंगेरीतला उठाव चिरडल्याचा खर्च आहे, रोखे घेऊ नका. रोखे खपले, मान्य. 1854 मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री ग्लॅडस्टननंही युद्ध शक्यतो करातून लढायचं ठरवलं आणि प्राप्तिकर पौंडामागे 7 पेन्सवरून 14 वर नेला. पुढच्या वर्षी ग्लॅडस्टन पदावर नव्हता. कर 16 पेन्स झाला, तरी भागेना, आणि 1 कोटी 60 लाख पौंडांचं कर्ज निघालंच. तिथं लगाम सुटला.

"पण चीनवर अफूची युद्धं व्यापारासाठीच झाली ना?" झाली. आणि 1857 मध्ये त्याविरुद्ध ठराव आणला कॉब्डेननंच. 263 विरुद्ध 247 मतांनी तो मंजूर झाला, म्हणून पंतप्रधान पामर्स्टननं निवडणूक लावली. कॉब्डेन पडला, ब्राइट पडला, तोही मँचेस्टरमध्ये. त्याच्याच मतदारसंघातल्या व्यापाऱ्यांनी साथ सोडली. याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी थांबले नाहीत. 1860 मध्ये फ्रान्सच्या हल्ल्याच्या भीतीनं इंग्लंड किनाऱ्यावर किल्ले बांधायला निघालं होतं. त्याच जानेवारीत कॉब्डेन फ्रान्सशी व्यापारी करार करून मोकळा. फ्रान्सनं ब्रिटिश मालावरची बंदी उठवली, जकातीला कमाल 30 टक्क्यांची मर्यादा घातली. शिवाय 'मोस्ट फेवर्ड नेशन'चं कलम: तिसऱ्या देशाला दिलेली सवलत आपोआप एकमेकांनाही.

कॉब्डेनचं चरित्र लिहिणारा मोर्ले ऑगस्ट 1914 मध्ये युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडून घरी गेला. हो, हाच मोर्ले भारतमंत्री असताना टिळकांना मंडाले झाली आणि त्यानं ती शिक्षा रद्द केली नाही. हे कुणी मला सांगायला नको. पण 1914 चा राजीनामाही खराच.

राग ओसरला की ब्राइटचं तेच वाक्य परत आठवतं. नंतर कॉब्डेन त्याला म्हणाला होता, "पंखांची 'फडफड' म्हणाला असतास, तर सभागृह हसलं असतं." त्या दिवशी कुणी हसलं नाही.