महिला फुटबॉलपासून बचावाचे घरगुती उपाय

मार्च 2026 जवळ आलाय. 1 ते 21 तारखेपर्यंत ऑस्ट्रेलियात महिलांचा आशियाई चषक आहे, 12 देश आहेत, आणि सगळ्यात मोठी आफत म्हणजे त्यात भारतही आहे. चुकून एखादी मॅच डोळ्यांसमोर आली तर पंचाईत नको, म्हणून आधीच काळजी घेतलेली बरी. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला या विषयाचं इतकं ज्ञान मिळालंय की ते एकटीने पोटात ठेवलं तर अपचन होईल. म्हणून तुम्हालाही वाटून टाकते.

पहिला उपाय, आणि रामबाण. कुणी विषय काढलाच तर चेहरा शक्य तितका निरागस ठेवून विचारायचं, "त्यात आपली टीम असते का?"

झालं असं की पार्किंगवर दोन तास भांडून झाल्यावर मी हात वर केला आणि म्हटलं, 4, 7 आणि 10 मार्चला भारताच्या मॅचेस आहेत, व्हिएतनाम, जपान आणि चायनीज तैपेईशी, त्यातल्या पहिल्या दोन पर्थला, पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे म्हणजे जागरणाचीही भानगड नाही, तर क्लबहाऊसचा प्रोजेक्टर लावूया का, बिल्डिंगमधल्या पोरी बघतील. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला आणि हेच वाक्य म्हणाले. अगदी मायेने. पुढे "ताई" पण लावलं.

तर असते हो. 5 जुलै 2025 ला, शनिवारी, थायलंडच्या चिआंग माईमध्ये भारताने थायलंडलाच 2-1 हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. दोन वर्ल्ड कप खेळून आलेली टीम आहे थायलंडची. त्याआधी मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. चार मॅचमध्ये 24 गोल केले आणि खाल्ला फक्त एक. पात्रता फेरी खेळून, कुणाच्या मेहेरबानीने नाही, पहिल्यांदाच या स्पर्धेत पोचल्या. आपले पुरुष 2027 च्या त्यांच्या आशियाई चषकाला पोचलेच नाहीत, पण त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही की त्यात आपली टीम असते का.

अर्थात तुम्हाला हे माहीत नसणं अगदी साहजिक आहे. त्या 5 जुलैला वरळीला दोन ठाकरे भाऊ एकत्र आले होते, तिकडे एजबॅस्टनला गिल 269 वर समाधान न होऊन दुसऱ्या डावात 161 ठोकत होता, आणि दुसऱ्या दिवशी आषाढी म्हणून घरोघरी साबुदाणा भिजत पडला होता. एवढ्या गर्दीत 11 पोरी कुणाला दिसणार!

दुसरा उपाय. पुरुष खेळतात ते 'फुटबॉल' आणि बायका खेळतात ते 'महिला फुटबॉल', हे कधीही विसरू नका.

तिसरा, एक पराभव पाठ करून ठेवायचा. ऑक्टोबर 2022, भुवनेश्वर, 17 वर्षांखालील वर्ल्ड कप, अमेरिकेकडून 0-8. हा आकडा लग्नात, बारशात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, कुठेही काढता येतो. 13-0 मात्र लक्षात ठेवायचं नाही, डोक्यावर ताण येतो.

चौथा, खेळाडूंची नावं शिकू नका. अगदीच अडचण झाली तर "ती मणिपूरची आहे ना" म्हणायचं. मणिपूरच्या पोरी पुष्कळ आहेत, बहुतेक वेळा खपून जातं. बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून खेळायला गेली किंवा पंजाबची मनीषा कल्याण युरोपात चॅम्पियन्स लीगची मॅच खेळून आली वगैरे जादा माहितीच्या भानगडीत पडलात तर लोक तुम्हाला फॅन समजतील. मग कुठे तोंड दाखवाल?

पाचवा उपाय सुशिक्षितांसाठी आहे. "मला काही प्रॉब्लेम नाही, पण क्वालिटी नाही ना." हे आमच्या ट्रेझररनी वापरलं. शिवाय म्हणाले की गर्दीच होत नाही तर कशाला दाखवायचं. या युक्तिवादाचा इतिहास फार जुना आणि फार थोर आहे. 1920 च्या नाताळात, 26 डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची मॅच बघायला 53,000 माणसं आली होती. मग इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने काय करावं? पुढच्याच डिसेंबरात ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. पुढची 50 वर्षं मैदान नाही. म्हणजे आधी मैदान काढून घ्यायचं आणि मग 50 वर्षांनी हळहळायचं की क्वालिटी नाही बुवा. कमिटी कुठलीही असो, लंडनची नाहीतर चेंबूरची, ठरावाची भाषा तीच असते, फक्त तिकडे चहाबरोबर बिस्किटं जरा बरी असतील. आणि त्याच इंग्लंडच्या बायका 2022 आणि 2025, लागोपाठ दोनदा युरो जिंकल्या. पुरुष 1966 नंतर अजून काहीतरी जिंकायच्या प्रयत्नात आहेत. क्वालिटी नाही म्हणे!

असो. मी शांत आहे.

सहावा उपाय, तांत्रिक कारण तयार ठेवा. आमच्याकडे प्रोजेक्टरचा बल्ब आहे. 4 मार्चला देता येणार नाही कारण त्या रात्री टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल, दुपारी लावला तर बल्ब तापलेला राहील. 7 ला नाही, कारण 8 ला फायनल, बल्बला आदल्या दिवशी विश्रांती हवी. (विश्रांती! बल्बला! माझ्या सासूला कधी मिळाली नाही.) 10 ला बघू. 'बघू' म्हणजे काय ते सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

सातवा, 8 मार्चला जागतिक महिला दिन जोरात साजरा करा. आमच्याकडे नाचणीच्या पदार्थांची स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस प्रेशर कुकर.

आठवा उपाय म्हणजे जिंकेपर्यंत गप्प बसायचं आणि जिंकल्यावर सगळ्यात आधी नाचायचं. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर आपल्या क्रिकेटच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर मध्यरात्रीपर्यंत चालू होता. बल्बला काही झालं नाही. सेक्रेटरींनी स्वतः पेढे वाटले, स्वतः, आणि मला म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतोय, पोरींमध्ये दम आहे." पहिल्यापासून! त्याच मैदानावर जानेवारी-फेब्रुवारी 2022 मध्ये हाच फुटबॉलचा आशियाई चषक झाला होता. भारत यजमान होता, इराणशी 0-0 झालं आणि मग 12 पोरींना कोविड निघाला, पुढच्या मॅचला टीमच उभी राहीना, आणि यजमानच पंगतीतून उठले. वर्ल्ड कपची वाट तिथेच बंद झाली. फायनलला चीन 0-2 ने मागे होता आणि कोरियाला 3-2 हरवून गेला. हार्बर लाइनवर, चेंबूरपासून अर्ध्या तासावर झालं हे सगळं. तेव्हा कुठे होता तुमचा दम ओळखण्याचा चष्मा, कपाळावर?

त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला तिथेच 17 वर्षांखालील पोरींची फायनल होती, स्पेन विरुद्ध कोलंबिया. मी पुतणीला घेऊन गेले होते. ती नऊ वर्षांची होती, वेफर्सचं पाकीट तिने पूर्ण मॅच मांडीवर तसंच बंद ठेवलं. कोलंबियाच्या लिंडा कायसेडोच्या पायात बॉल आला की ही सीटवरून अर्धी उठायची. कोलंबिया स्वयंगोलवर 1-0 हरली आणि परतीच्या लोकलमध्ये पोरगी वाशीचा पूल येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली, "आत्या, ती परत खेळेल ना?" खेळली. पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये सिडनीला तिने जर्मनीला गोल मारला.

आता पुतणी स्वतः खेळते. दर रविवारी मैदानाच्या कोपऱ्यात, टेनिस क्रिकेटवाल्यांच्या थर्डमॅनला, दोन दप्तरांचा गोलपोस्ट करून. बॉल यांच्या पिचवर गेला की कोणी परत देत नाही, उलट "ए, बाजूला खेळा" म्हणतात. आणखी किती बाजूला? पुढे गटार आहे.

आता उपाय बास. तुम्हाला आवडत नसेल तर नका बघू, कोणी जबरदस्ती केलेली नाही, मलाही गोल्फ आवडत नाही. पण न बघता क्वालिटी काय सांगता? 90 मिनिटांची एक अख्खी मॅच बघितलीये का आयुष्यात? ट्रेझररना मी हेच विचारलं तर म्हणे रील्स बघितल्यात. लाज वाटत नाही? ज्या दिवशी जिंकतील त्या दिवशी पेढे घेऊन याल, फोटोत मधे उभे राहाल, आणि आज तीन दुपारी एक बल्ब द्यायला जीव जातोय. त्या प्रोजेक्टरसाठी माझ्या मेन्टेनन्समधूनही पैसे कापलेत, पावती आहे माझ्याकडे. अरे, मागितलं काय होतं? भिंतीवर उजेड!

4 तारखेला दुपारी माझ्या हॉलमध्ये मॅच लागेल. टीव्ही 32 इंची आहे, पोरी 14 आहेत, चहा सरबत मी बघेन. क्लबहाऊसमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मी घेऊन जाणार आहे आणि कोणाला विचारणार नाहीये. खुर्च्यांना बल्ब नसतो.