‘हा पुढचा अमका’ म्हटलं म्हणजे खेळाडू कळला असं नव्हे

दर वर्षी जून उजाडला आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट तोंडावर आला की एकच मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या ठरलेल्या पठड्या आहेत, आणि येणारा प्रत्येक मुलगा त्यांतल्या एखाद्या पठडीत बसतो. त्याच्यासारखा जुना खेळाडू सापडला की त्याचं पुढे काय होणार ते कळतं. जो कुणासारखाच वाटत नाही, त्याच्यापासून संघांनी लांब राहावं. आता तर आकडेवारीनेही हे सिद्ध केलंय. आणि अशी तुलना मुलाच्याही भल्याचीच, कारण त्याला डोळ्यांसमोर आदर्श मिळतो.

ड्राफ्ट म्हणजे लीगमधल्या 30 संघांनी दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम. आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि मी बरीच वर्षं त्यासाठी गजर लावून उठतो आहे. माझ्या मते वरचे चारही मुद्दे चुकीचे आहेत, आणि शेवटचा नुसता चुकीचा नाही, मुलांचं नुकसान करणारा आहे.

पहिला मुद्दा घेऊ: उंची, बांधा आणि खेळायची जागा जुळली की खेळाडू जुळला.

याला उत्तर द्यायला डर्क नोविट्झ्कीची गोष्ट पुरेशी आहे. 1998 मध्ये मिलवॉकीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. सात फुटी जर्मन मुलगा, बोर्डखाली धक्काबुक्की करायची सोडून बाहेरून जंपशॉट मारतो, हे तेव्हा नवलाचं होतं. 2002 पर्यंत तो ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, झाला आणि सगळे संघ दुसरा डर्क शोधायला युरोपात गेले. त्याच वर्षी डेन्व्हरने पाचव्या क्रमांकावर निकोलोझ त्स्कितिश्विलीला निवडलं. जॉर्जिया देशाचा, सात फुटी, 19 वर्षांचा, बाहेरून शॉट मारणारा. इटलीतल्या ट्रेव्हिसोच्या संघात तो बहुतेक वेळ बाकावरच असायचा, पण ‘पुढचा डर्क’ हा शिक्का बसला होता. त्याच्यानंतर चारच क्रमांकांनी फिनिक्सने आमारे स्टाउडमायरला घेतलं, आणि तो त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्स्कितिश्विलीची कारकीर्द चार हंगामांत संपली. सरासरी सामन्याला तीन गुणही नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर सर्बियाच्या डार्को मिलिचिचला घेतलं, कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश आणि ड्वेन वेड शिल्लक असताना. 2006 मध्ये टोरंटोने पहिल्याच क्रमांकावर इटलीच्या अँड्रिया बार्न्यानीला निवडलं. त्याचा शॉट खरोखर चांगला होता, हे मान्य करायला हवं, पण तो एकदाही ऑल-स्टार झाला नाही.

या मुलांचं डर्कशी काय जुळत होतं? उंची, युरोप, आणि कमीअधिक मऊ हात. जुळत नव्हतं ते प्रेक्षागृहातून दिसणारं नव्हतंच. होल्गर गेश्विंडनर नावाच्या, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेल्या माणसाने डर्कला किशोरवयापासून हाताशी धरलं होतं. चेंडू रिंगवर कोणत्या कोनातून उतरला पाहिजे याचा हिशोब करून त्याने डर्कचा शॉट बांधला, आणि डर्क पुढे कितीही मोठा झाला तरी त्याच्याकडे परतून सराव करत राहिला. एका पायावर मागे झुकत मारलेला जो शॉट आज डर्क म्हटलं की डोळ्यांसमोर येतो, तो 1998 च्या डर्ककडे नव्हताच. मला सगळ्यात मोठी चूक दिसते ती इथे. तुलना करताना एका बाजूला 19 वर्षांचा कच्चा मुलगा असतो आणि दुसऱ्या बाजूला दहा वर्षांच्या मेहनतीने घडलेला पुरुष. मधली दहा वर्षं कोण भरून काढणार, कुठल्या संघात, कुणाच्या हाताखाली, हे त्या तुलनेत कुठेच येत नाही.

कवाय लेनर्डचं उदाहरण याच्या उलट दिशेचं. कॉलेजात तीन गुणांचे त्याचे चारातले तीन शॉट चुकायचे. ‘बचाव उत्तम, शॉट नाही’ ही त्याची पठडी. 2011 मध्ये तो पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. सॅन अँटोनिओने जॉर्ज हिलसारखा चांगला गार्ड (चेंडू खेळवत नेणारा खेळाडू) देऊन त्याला मिळवलं, चिप एंगेलंड या शॉटच्या प्रशिक्षकाने त्याच्या हाताची ठेवण दुरुस्त केली, आणि पहिल्याच हंगामात तीन गुणांचे शॉट 37 टक्क्यांच्या वर गेले. दुसऱ्या एखाद्या संघात हे झालंच असतं असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

दुसरा मुद्दा: जो कुणासारखा नाही तो धोक्याचा. निकोला योकिच 2014 मध्ये 41व्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा अमेरिकी दूरचित्रवाणीवर टाको बेलची जाहिरात चालू होती आणि त्याचं नाव पडद्याखालच्या पट्टीत येऊन गेलं. उडी नाही, वेग नाही, पोट सुटलेलं, आणि पास मात्र गार्डसारखे. अशा सेंटरला, म्हणजे बोर्डखालच्या उंच खेळाडूला, कुठली पठडी लावणार? पुढे तो तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि 2023 मध्ये त्याने डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. ड्रेमंड ग्रीन 6 फूट 6 इंच. बोर्डखाली खेळायला बुटका, बाहेर खेळायला जड, म्हणून 35वा. 2017 चा सर्वोत्तम बचावपटू तोच.

आणि जो पठडीत नेमका बसतो त्याचं काय? इथे आपल्या सतनाम सिंगची आठवण काढायलाच हवी. पंजाबातल्या बल्लोके गावचा, 7 फूट 2 इंचांचा हा मुलगा 2015 मध्ये डॅलसने 52व्या क्रमांकावर घेतला. भारतात जन्मलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या सकाळी मला किती आनंद झाला होता, हे सांगून कळायचं नाही. आपल्याकडे लगेच चीनच्या याओ मिंगचं नाव घेतलं गेलं: आशियाई, अवाढव्य, बोर्डखालचा राजा. पण त्या ड्राफ्टच्या जेमतेम दहा दिवस आधी गोल्डन स्टेट विजेता झाला होता, आणि अंतिम मालिकेत त्यांनी आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट बाकावर बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीच्या पाचात आणलं होतं. म्हणजे ज्या पठडीत आम्ही सतनामला बसवत होतो, ती पठडीच लीग मोडीत काढत होती. सतनामला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्यामागे इतरही कारणं असतील, पण पठडीलाही मुदत असते, हे मी तेव्हा शिकलो.

तिसरा मुद्दा आकडेवारीचा. वय, उंची, गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) असं सगळं भरलं की संगणक जवळची नावं काढून देतो, हे खरं. पण त्या यादीतून मोठ्याने वाचलं जातं ते नाव नेहमी यशस्वी माणसाचं असतं. ‘हा मुलगा त्स्कितिश्विलीसारखा आहे’ असं ड्राफ्टच्या आधी लिहिलेलं मी तरी कधी वाचलं नाही. आणि लीगमध्ये येणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच वाटेने जातात.

आकडेवारीचा सगळ्यात कट्टर पुरस्कर्ता कोण, तर ह्यूस्टनचा तेव्हाचा व्यवस्थापक डॅरिल मोरी. त्याचा अनुभव या मजकुराच्या बरोबर विरुद्ध आहे. 2007 मध्ये त्याच्या आकडेमोडीला मार्क गसोल आवडला होता. पण स्काउटांच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या माणसांच्या, हाती गसोलचा उघड्या अंगाचा फोटो लागला, त्यांनी त्याच्या थुलथुलीत छातीवरून टोपणनाव पाडलं, आणि हसण्यावारी त्याचं नाव मागे पडलं. गसोल 48व्या क्रमांकावर गेला. 2013 चा सर्वोत्तम बचावपटू तो. जेरेमी लिनचंही तेच. तैवानी आईवडिलांचा मुलगा, शाळेला राज्याचं विजेतेपद मिळवून दिलेला, तरी कॉलेजची शिष्यवृत्ती नाही. हार्वर्डमधून खेळला, 2010 मध्ये कुणीच निवडला नाही. कारण त्याच्यासारखा दिसणारा कुणी आधी डोळ्यांसमोर नव्हता. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यूयॉर्ककडून त्याने लेकर्सवर 38 गुण केले. त्याच्या आदल्या डिसेंबरात ह्यूस्टननेच त्याला सोडून दिलं होतं.

मोरीने मग आपल्या स्काउटांना एक नियम घालून दिला: तुलना करायचीच असेल तर वेगळ्या वंशाच्या खेळाडूशी करा. गोऱ्याची गोऱ्याशी, काळ्याची काळ्याशी चालणार नाही. आणि तुलना आपोआप आटल्या. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्याने उघड केलं की ‘खेळ जुळतो’ असं म्हणताना आपण चेहरे जुळवत होतो. घरी बसून कुणीही हा नियम लावून बघावा. 2019 मध्ये टोरंटोने विजेतेपद जिंकलं तेव्हा लेनर्ड, गसोल आणि लिन तिघंही त्या संघात होते.

तुलना पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाही. एका कौशल्यापुरती ती उपयोगी पडते. ‘याचं पिक अँड रोलमधलं (सहकाऱ्याच्या आडोशाने पुढे जायच्या चालीतलं) पाऊल अमक्यासारखं पडतं’ असं म्हटलं तर मी ते पाऊल पुन्हा बघतो. ‘हा पुढचा अमका’ म्हटलं की बघणं थांबतं.

राहिला आदर्शाचा मुद्दा. हॅरल्ड मायनर 1992 मध्ये ‘बेबी जॉर्डन’ हे नाव घेऊन लीगमध्ये आला. तुळतुळीत डोकं, तशीच उडी. तो डावखुरा होता, जॉर्डन उजवा, एवढा फरकही त्या नावाने झाकून टाकला. डंकची (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्याची) स्पर्धा त्याने दोनदा जिंकली आणि पंचविशी गाठायच्या आत त्याची कारकीर्द संपली.

अँथनी डेव्हिस मात्र अशा पठडीतून सुटला. शाळेत असताना तो गार्ड होता, आणि तिथेच सात-आठ इंच वाढला. वाढण्याआधीच चेंडू हातात खेळवायला शिकला होता, म्हणून पुढे तो नुसता उंच राहिला नाही. 2012 मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला.

माझं याच्या उलट झालं. सातवीत मी वर्गात सगळ्यात उंच होतो. मैदानावर पहिल्याच दिवशी सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्या काळच्या एका मोठ्या पिव्हटचं, म्हणजे सेंटरचं, नाव घेतलं आणि बोर्डखाली उभं केलं. ‘तू रिबाउंड घे आणि लगेच गार्डला दे. खाली टप्पा मारायचा नाही.’ चार वर्षं मी टप्पा मारला नाही. सर वाईट नव्हते. त्यांना मी दिसलो तो तसाच दिसलो. दहावीत माझी उंची थांबली, बाकीची मुलं वर निघून गेली, आणि सरांनी मला गार्डला खेळायला सांगितलं. पहिल्याच सामन्यात समोरचा मुलगा माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. मला उजवीकडे जायचं आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण डाव्या हाताने मला चेंडू तीन टप्पेही सांभाळता येत नव्हता.