चलन गाडीबरोबर भंगारात जात नाही

‘स्क्रॅपवाला सगळं बघून घेतो, जुन्या चलनांची चिंता नको’ हे जुनी गाडी मोडीत काढण्यावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून थांबलो. चलन, म्हणजे वाहतूक दंडाची पावती, गाडीच्या नंबरावर निघतं आणि तो नंबर ‘वाहन’ या सरकारी नोंदणी पोर्टलवर मालकाच्या नावावर असतो. पत्रा वितळला तरी नाव तिथंच राहतं.

बाबांची २००४ची झेन मोडीत काढायची ठरली, तेव्हा वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर नंबर टाकला. चार चलनं निघाली. तीन आमचीच, नो पार्किंगची (बाबा अजून मान्य करत नाहीत). चौथं मात्र विनाहेल्मेटचं, चारचाकीला! फोटोत स्कूटर, नंबरातला एक आकडा वेगळा. ॲपवरच तक्रार केली, ते रद्द व्हायला पाच आठवडे लागले. तोवर गाडी दारात धूळ खात पडली.

म्हणून चलनाचा फोटो उघडून बघा, मगच पैसे भरा. आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला रोखीत गाडी देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडीत दिल्याचा दाखला) तिथंच मिळतं, आणि आरटीओत नोंदणी रद्द झाली का तेही स्वतः तपासा.