आधी पोहे सांगा, विषमतेचं मग बघू

तुम्हाला इंदुरातली विषमता घालवायची आहे ना? मग एक संशोधन काढा आणि चार भागीदार जमवा. नळ, गटार, मजुरी या बारीकसारीक गोष्टी नंतरच्या.

पहिलं काम बस्ती, म्हणजे झोपडपट्टी, निवडण्याचं. (वस्ती म्हणू नका, इथला मराठी माणूसही बस्तीच म्हणतो.) राजवाड्यापासून वीस मिनिटांत पोचता यावं, आत गाडी वळावी आणि एखादी गल्ली फोटोत बरी यावी, एवढं पाहा. तिथे आधी दोन-तीन संस्था येऊन गेल्या असतील तर दुधात साखर. लोकांना उत्तरं पाठ असतात. तुम्ही शौचालयाचं विचारायच्या आत समोरून येतं, "हो लिही बाबा. मागच्या खेपेला नाही म्हटलं तर तीनदा विचारायला आले होते."

आता भागीदार. एक कॉलेज हवं, कारण विद्यार्थी फुकट फिरतात. एक संस्था. एक कंपनी, जिला सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेले, पैसे 31 मार्चच्या आत संपवायचे आहेत. एक सरकारी खातं, म्हणजे उद्घाटनाला खुर्ची रिकामी राहत नाही. या सगळ्यांत सामंजस्य करार करायचा. हा मोठा गुणी कागद असतो: त्यात सामंजस्य भरपूर असतं, करार तेवढा नसतो. कोणी काय करायचं हे लिहायला बसलात तर सामंजस्यही जाईल, म्हणून तो परिच्छेद 'परस्पर संमतीने' या दोन शब्दांत उरका.

सह्यांच्या दिवशी खरी कसोटी नाश्त्याची. पोहे वाफेवर गरम ठेवलेले, वर शेव, कांदा, जिरावन मसाला आणि शेजारी जलेबी. कोणी पुण्याहून आलेला सल्लागार ओल्या खोबऱ्याचा आग्रह धरू लागला तर भागीदारी तिथेच मोडेल. त्याला हळूच बाजूला घ्या. बस्तीतल्या एका बाईला मात्र जरूर बोलवा. दीप लावताना ती फोटोत हवी. भाषणं सुरू झाली की तिला घरी सोडायची सोय करा, तिला धुणीभांडी असतात.

एका माणसाचं नाव मात्र चुकूनही काढू नका, तो म्हणजे पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश नगररचनाकार म्हातारा होळकरांच्या बोलावण्यावरून 1917 च्या सुमारास इंदुरात आला. शहरात प्लेग. गडी नकाशा घेऊन गल्लीबोळांतून पायी हिंडायचा, आणि लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हाच तो प्लेग आणणारा साहेब. इथवर ठीक, संशोधकाचं स्वागत असंच होतं. पण पुढे त्यानं जे केलं ते कुठल्याही पद्धतिशास्त्रात बसत नाही. कार्यशाळा घ्यायची सोडून त्यानं दिवाळीत मिरवणूक काढली! वर दवंडी अशी की ज्या भागातली घरं जास्त स्वच्छ, त्या भागातून मिरवणूक जाणार. झालं, लोक झाडू घेऊन बाहेर पडले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, शिवाय घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर. सफाई कामगारही नव्या कपड्यांत, फुलं लेवून, सगळ्यांबरोबर चालले. शेवटी राक्षस आणि उंदीर पेटवून दिले. घराघरांतून गाड्या भरभरून कचरा निघाला तो वेगळाच. अहवाल छापून आला 1918 मध्ये, चांगला दोन खंडांचा.

म्हणजे आधी काम आणि मग अहवाल. अशानं अनुदानाचा दुसरा हप्ता कोण देईल? आणि निष्कर्ष थेट बस्तीवाल्यांच्या डोळ्यांदेखत जाळायचा, ही कसली गोपनीयता? आजचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतं ते गाड्या आणि सफाई कामगारांच्या जिवावर. गेडिसची आठवण काढून उगाच श्रेयाचा नवा वाटेकरी आणू नका.

आदर्श हवाच असेल तर स्लम नेटवर्किंगचा घ्या. बस्त्या बहुधा नाल्यांच्या काठी असतात, म्हणून बस्तीची गटारं आणि शहराची मलवाहिनी एकाच जाळ्यात जोडली तर दोघांचंही भलं होईल, अशी ती कल्पना. (सुरेख होती, इथे मी चेष्टा करत नाही.) ब्रिटनचा पैसा, इथलं विकास प्राधिकरण, अभियंते हिमांशु पारीख, भागीदारी म्हणावी तर अशी. 1998 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे ठिकठिकाणी गटारं तुंबल्याचं अभ्यासकांनीच लिहिलं. तुम्ही यातून क्रम तेवढा उचला: पुरस्कार गटार तुंबायच्या आत घ्यायचा.

आता प्रत्यक्ष सर्वेक्षण. परदेशीपुऱ्याच्या बाजूला एखादी आजी भेटेल, नवरा गिरणीत होता असं सांगणारी. तुमच्या प्रश्नावलीत 'घरातील कमावत्या व्यक्ती' असा रकाना आहे. ती मात्र हुकुमचंद मिलचं सांगत सुटेल: नव्वदीच्या सुरुवातीला भोंगा थांबला, मजूर कोर्टात गेले, डिसेंबर 2023 मध्ये 224 कोटींचा निवाडा झाला, आणि तोवर किती जण वाट पाहता पाहता गेले. ऐकून घ्या, पण लिहू नका. 'असुरक्षित घटक' या चौकटीत बरोबरची खूण करा. तीस-बत्तीस वर्षं त्या चौकटीत आरामात मावतात.

चहा आला तर घ्या, नाही म्हटलं तर तिला वाईट वाटतं. कपबशी खाली ठेवता ठेवता ती हमखास विचारेल, "मागचे पोरं लिहून घेऊन गेले होते, त्यात माझं काय लिहिलं रे? वाचून दाखव ना."

घाबरू नका. सांगा, "आजी, तुमची माहिती अगदी गोपनीय आहे."

"कोणापासून?" असं ती म्हणेल. हा प्रश्न आपल्या यादीत नाही. तुम्ही शेजारच्या दाराची कडी वाजवा.