खुलासा: तक्ता नीट वाचता आला तरी मधुमेहींनी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा

‘मधुमेह असला तरी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असेल, तर डोळे तपासायची गरज नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. हे चूक आहे, आणि धोकादायकही.

तक्ता फक्त नजर मोजतो. मधुमेहाचा घाव बसतो तो डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर. त्यांच्या भिंती कमकुवत होतात, फुगवटे येतात, रक्त आणि द्रव झिरपतो, पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. पडद्याचा मध्यभाग शाबूत असेपर्यंत माणूस आरामात पेपर वाचतो. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. म्हणूनच लक्षणांची वाट बघायची नसते: टाइप २ मध्ये निदान झाल्याबरोबर तपासणी, टाइप १ मध्ये साधारण ५ वर्षांनी, पुढे बहुधा दरवर्षी. मधुमेही गरोदर बाईने तर सुरुवातीलाच करावी.

या तपासणीत पडद्याचा फोटो काढतात. ‘फोटो काढताना लेझर मारतात’ असंही त्याच मेसेजमध्ये आहे. अजिबात नाही. हनुवटी टेकवून बसायचं, एक फ्लॅश, झालं. कॅमेरा डोळ्याला लागतही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, तेवढा वेळ गाडी चालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रशिक्षित कर्मचारीही हा फोटो काढू शकतो. तज्ज्ञ तो दुसरीकडे बसून तपासतो. फोटो अस्पष्ट आला तर ‘सगळं ठीक’ समजू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेझर हा वेगळा उपचार, गरज असेल तरच. तो उरलेली नजर राखतो, गेलेली सहसा परत आणत नाही.