मालवणचं बंदर म्हणजे स्विमिंग पूल नव्हे

‘मालवण बंदरात एकट्याने कयाकिंग: संपूर्ण गाइड’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज दिवाळीपासून फिरतोय. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. माझ्याकडे तो वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला, मी सोडून दिला. गेल्या आठवड्यात तोच मेसेज माझ्या पुण्याच्या भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, नाताळात येतेय. सिंगल कयाक घेऊन किल्ल्याला वळसा मारणार. वाच हे, किती सोपं आहे.” तिला पोहता येतं, हौस दांडगी आहे आणि आजवर तिने वल्हं मारलंय ते पवना धरणाच्या पाण्यात, तेही जेमतेम अर्धा तास. त्यामुळे आता सोडून देता येत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बंदराला किल्ल्याचा आणि खडकांचा आडोसा आहे, म्हणजे ‘हा नैसर्गिक स्विमिंग पूलच’. सिंगल कयाक भाड्याने घ्यावी. देणाऱ्याने विचारलं तर ‘अनुभव आहे’ म्हणून सांगावं, नाहीतर तो सोबत माणूस देतो आणि जादा पैसे लावतो. तासाभरात सिंधुदुर्गला पूर्ण वळसा होतो. पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालायची गरज नाही, सीटमागे अडकवलं की झालं. पहाटे जमिनीकडून वारा असतो तेव्हा पाणी आरशासारखं असतं, तीच सगळ्यात सुरक्षित वेळ. भरती-ओहोटी मच्छिमारांनी बघायची. कयाक बुडत नाही, उलटली तरी पुन्हा चढता येतं. मेअखेरीस गर्दी नसते, दरही उतरतात. आणि काही झालंच तर मोबाइल आहे.

यातली आडोशाची गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत किल्ला, त्याच्याजवळचा छोटा पद्मगड किल्ला आणि मधले खडक मिळून बाहेरची लाट बरीच मोडतात आणि आतलं पाणी शिकायला खरंच चांगलं असतं. सिंगल कयाकही वाईट नाही. चटकन वळते, आणि दोन नवखे एका कयाकमध्ये बसून एकमेकांच्या वल्ह्यांवर वल्ही आपटतात त्यापेक्षा एकट्याने शिकलेलं बरं. पण हा आडोसा लाटेपासून आहे आणि तोही किल्ल्याच्या अलीकडे. वारा, पाण्याची ओढ आणि बंदरात ये-जा करणाऱ्या बोटी या तिन्हींपासून तो तुम्हाला वाचवत नाही. मेसेजमधल्या बाकीच्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

सगळ्यात संताप आणणारं वाक्य ‘अनुभव आहे म्हणून सांगा’ हे आहे. भाड्याने कयाक देणारा माणूस प्रश्न विचारतो ते तुमच्या उत्तरावरून तुम्हाला कुठपर्यंत सोडायचं हे ठरवायला. नवखा आहे म्हटलं की तो किनाऱ्यालगत फिरायला सांगतो, स्वतः पाण्याकडे नजर ठेवतो किंवा सोबत पोरगा पाठवतो. अनुभव आहे म्हटलं की त्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातं, आणि त्याची त्यात चूक नाही. चार पैसे वाचवायला तुम्ही स्वतःच्या हाताने आपल्यावरची नजर काढून टाकता. हे लिहिणारा माणूस कधी किनाऱ्यावर उभा राहून परतायला उशीर झालेल्या कुणाची वाट बघत थांबलेला नसणार.

आता किल्ल्याचा वळसा. किल्ला 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधला गेला. ती जागा निवडण्यामागे एक मोठं कारण म्हणजे भोवतीचे खडक. वाट माहीत नसलेलं जहाज तिथे भिडूच शकत नव्हतं. ते खडक अजून तिथेच आहेत. किनाऱ्याकडच्या अंगाने जाताना पाणी गुळगुळीत लागतं, तट जवळ दिसतो, हातात जोर असतो, आणि सगळंच सोपं वाटतं. टोक ओलांडून पश्चिमेला गेलात की तिथला तट थेट अरबी समुद्राला तोंड देऊन उभा आहे. लांबून आलेली लाट पायथ्याच्या खडकावर आपटून माघारी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेवर चढते. तिथे पाणी एका दिशेने येत नाही, जागच्या जागी उभं उसळतं. वल्हं टाकायला जावं तर खाली पाणीच नसतं, पुढच्या क्षणाला तेच पाणी कमरेपर्यंत येतं. नवखा माणूस अशा वेळी वल्हं वर उचलून कयाकची कड धरतो, आणि तसाच पडतो.

पडल्यावर उतरायला जागा नाही. खडकांवर कालवं (शिंपले) चिकटलेली असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, हात टेकला की तळवा फाटतो. खडक टाळायचे तर तटापासून लांब, म्हणजे आणखी बाहेरून जावं लागतं. तटाची लांबीच तीन किलोमीटरच्या आसपास सांगतात. नवख्याचा वेग सपाट पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर. म्हणजे हात भरून येतात ते नेमके मागच्या बाजूला. आणि तिथे तुम्हाला कुणी बघत नसतं, कारण तुम्ही आणि किनारा यांच्यामध्ये अख्खा किल्ला असतो. सरावलेले लोक हा वळसा घालतात. ते एकटे जात नाहीत, समुद्र बघून दिवस ठरवतात आणि दक्षिणेच्या टोकाशी थांबून पुढे जायचं की नाही हे पुन्हा बघतात. भाड्याची कयाक घेऊन पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्याने तिकडे जायचंच नाही.

पहाटेच्या आरशासारख्या पाण्याबद्दल. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. रात्री जमीन निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हिवाळ्यात तो सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं ते माडांनी आणि घरांनी वारा अडवलेला असतो म्हणून. जसजसं बाहेर जावं तसतसा वारा पाठीला लागतो आणि कयाक आपोआप पळते. आपल्याला वाटतं आपण छान वल्हवतोय. परत फिरल्यावर कळतं. आमच्याकडचे जुने मच्छिमार या वाऱ्याबद्दल एकच सांगतात: “वारो भायर व्हरता,” म्हणजे वारा बाहेर नेतो. पहाट वाईट नाही, उलट सुंदर असते, पण मग सुरुवात वाऱ्याविरुद्ध करायची, किनाऱ्याला समांतर फिरायचं आणि पाठीला वारा घेऊन बाहेर जायचं नाही. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो तेव्हा पाणी खवळतं, लाटा तोंडावर येतात, म्हणून लोक त्याला जास्त घाबरतात. तो निदान जमिनीकडे तरी ढकलतो.

लाइफ जॅकेटवर मी एकच आकडेवारी देतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा मनोरंजनाच्या बोटिंगचा अहवाल दरवर्षी निघतो. 2023 मध्ये तिथे अशा अपघातांत 564 माणसं गेली. ज्यांच्या मृत्यूचं कारण समजलं त्यांच्यातली 75 टक्के बुडून गेली, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद होती त्यांतल्या 87 टक्के लोकांनी ते घातलेलं नव्हतं. देश त्यांचा आहे, पण पाणी आणि माणसाचं शरीर तेच आहे. ‘मला पोहता येतं’ या वाक्याचा इथे उपयोग नाही. डोक्याला वल्हं लागलं, पायात गोळा आला, नाकातोंडात खारं पाणी गेलं की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटं पोहू शकत नाही, आणि जॅकेट असतं ते त्याच मिनिटांसाठी. सीटमागे अडकवलेलं जॅकेट कयाकबरोबर वाहत जातं. पाण्यात तरंगत ते अंगात चढवून बक्कल लावून बघा एकदा, कमरेएवढ्या पाण्यात, कुणी सोबत असताना. म्हणजे मी का चिडलोय ते समजेल.

आणि नुसतं घातलं म्हणून भागत नाही. भाड्याच्या जॅकेटांचे पट्टे सैल असतात, कधी एखादं बक्कल तुटलेलं असतं. सगळे पट्टे आवळायचे, मग दुसऱ्या कुणाला तरी खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगायचं. ते हनुवटीपर्यंत वर आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघेल, दुसरं मागायचं. शिट्टी बांधलेली आहे का ते बघायचं. नसेल तर बाजारातून घ्यायची.

‘कयाक बुडत नाही’ हे अर्धं खरं आहे. भाड्याने मिळणाऱ्या वर बसायच्या कयाक पोकळ प्लास्टिकच्या असतात, उलटल्या तरी तरंगतात. पण ती तरंगते म्हणूनच वारा तिला घेऊन जातो. माणूस उतरला की ती हलकी होते आणि पोहणाऱ्याच्या हाती लागत नाही. म्हणून पडताक्षणी पहिलं काम एकच, कयाकला हात घालायचा. वल्हं नंतर. मग ती सुलटी करायची, सीटच्या बाजूला यायचं, दोन्ही हात पलीकडच्या कडेला टाकून पाय पाण्याच्या पृष्ठभागावर मारत पोटावर आडवं चढायचं, बेंबी मध्यावर आली की कूस बदलून बूड सीटमध्ये टाकायचं आणि मगच पाय आत घ्यायचे. वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा करताना बहुतेक जण घाईने गुडघा वर घेतात आणि कयाक पुन्हा अंगावर येते. हे किनाऱ्याजवळ जमेपर्यंत करून बघितलं नसेल तर ‘पुन्हा चढता येतं’ म्हणायचा अधिकार नाही. दोन-तीनदा फसल्यावर हातातला जोर संपलेला असतो.

भरती-ओहोटी ‘मच्छिमारांनी बघायची’ म्हणे! कोकणात पोरांनाही तिथीची पाऊणपट ठाऊक असते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणात भरती त्याच्या थोडी आधी लागते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, आमच्याकडे साधारण दोन मीटर. हे दोन मीटर सहा तासांत सारखे उतरत नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी उतरतं. मघाशी ज्या खडकावरून तुम्ही सहज गेलात तो तासाभराने वर आलेला असतो किंवा, त्याहून वाईट, पाण्याखाली वीतभर असतो.

बंदराच्या मोकळ्या भागात ओढ तशी कमी. पण मेसेजमध्ये शेवटी ‘वेळ असेल तर कोळंबची खाडी आणि देवबागचा संगमही करा’ असं लिहिलंय, आणि खाडीच्या तोंडाशी सुकतीला (ओहोटीला) पाणी कसं बाहेर ओढतं ते देवबागच्या कुणालाही विचारा. ओढ ताशी तीन किलोमीटर धरली आणि तुमचा वेग चार, तर परतीचा एक किलोमीटर तुम्हाला एक तास पुरतो, तोही न थांबता. खाडीत शिरायचं ते भरतीबरोबर, आणि सुकती जोर धरायच्या आत तोंडापासून आत किंवा किनाऱ्याला लागलेलं असायचं. देवबागची कर्ली नदी सुंदर आहे, आतल्या अंगाला फिरा.

बोटींबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. जेटीवरून किल्ल्याच्या होड्या दिवसभर सुटत असतात, सकाळी मासेमारीच्या बोटी परततात. पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेला माणूस बोटीच्या नाळेमागून, म्हणजे पुढच्या उंच टोकामागून, दिसत नाही. त्यांच्या वाटेत रेंगाळायचं नाही, ओलांडायची तर काटकोनात आणि पटकन, अंगावर भडक रंग. नांगरून ठेवलेल्या बोटींच्या दोरांपासूनही लांब राहा. वाऱ्याने किंवा ओढीने आडवे त्यावर जाऊन टेकलात तर माणूस घाबरून उलट्या बाजूला झुकतो आणि कयाक त्याच बाजूने पाणी घेऊन उलटते. झुकायचं ते ज्याला टेकलात त्याच बाजूला.

मेअखेरीचा सल्ला तर गुन्हाच आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, त्याला कारण आहे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची इंजिनाची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्या दिवसांत समुद्र किती झपाट्याने फिरतो हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

राहिला मोबाइल. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, हे पाण्यात पडल्यावर समजून उपयोग नाही. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, कयाकला न बांधता स्वतःच्या अंगाला बांधायचा. तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093 आणि 112 हे क्रमांक आधीच सेव्ह करायचे. भाचीला मी हे सगळं कळवलं आहे, आणि एक गोष्ट वर: निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगायची. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात ती दिसली नाही तर फोन त्याने करायचा.