आधी मंडळ, मग कॉलेज

इंदूरच्या मराठी गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. मेडिकलच्या मुलांनी वैद्यकाच्या इतिहासाचं मंडळ काढण्याच्या भानगडीत पडू नये, असं त्यात म्हटलं आहे. कारणं चार दिली आहेत: हा निवृत्त डॉक्टरांचा छंद; प्राध्यापक, विभाग, ग्रंथालय असल्याशिवाय असलं काही उभं राहत नाही; अभ्यासाचा वेळ जातो; आणि इंदूरला असा इतिहासच नाही, कॉलेज १९४८ चं. चारही चूक आहेत. मुलं ते वाचून मागे हटू नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

निवृत्तांचा छंद म्हणाल, तर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातली ऑस्लर सोसायटी १९२१ मध्ये निघाली ती वैद्यकीय विद्यार्थ्यांची म्हणूनच.

दुसरा मुद्दा तर पार उलटा आहे. ज्यांच्या नावाची ती सोसायटी, ते नामवंत कॅनेडियन डॉक्टर विल्यम ऑस्लर १९१९ मध्ये वारले. त्यांनी आपली सुमारे ८,००० पुस्तकं मॅकगिलला दिली होती, पण ते ग्रंथालय उघडलं १९२९ मध्ये. विद्यार्थ्यांची सोसायटी तोवर आठ वर्षांची झाली होती. त्याआधीचं उदाहरण बाल्टिमोरचं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झालं, ऑस्लर, वेल्च, केली या तिथल्या डॉक्टरांनी इतिहास-मंडळ काढलं १८९० मध्ये, आणि मेडिकल स्कूलचे वर्ग भरले १८९३ मध्ये. मंडळ कॉलेजाच्या आधीचं! तिथे १८९५ मध्ये ऑस्लर यांनी निबंध वाचला तो कुणा नामवंतावर नाही, तर अलाबामातल्या जॉन बॅसेट नावाच्या अप्रसिद्ध डॉक्टरवर. बायकामुलांना मागे ठेवून तो शिकायला पॅरिसला गेला होता. त्याची पत्रं हाती लागली, तेवढ्यावर निबंध झाला.

वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी सेमेलवाइस या डॉक्टरची हकीकत वाचावी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या ज्या प्रसूती वॉर्डात बाळंतिणी जास्त मरत होत्या, तिथे वैद्यकीय विद्यार्थी शिकत होते. शवविच्छेदन करून ते तसेच तपासायला येत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे नाही वाचायचं, तर कुणी वाचायचं?

राहिलं इंदूर. एम.जी.एम. (महात्मा गांधी स्मारक) मेडिकल कॉलेज १९४८ चं, हे बरोबर. पण इंदूर मेडिकल स्कूल १८७८ मध्ये सुरू झालं होतं. किंग एडवर्ड मेडिकल स्कूलची जुनी इमारत आजही उभी आहे. आणि प्लेग? त्या साथींनी शहर पोळलं होतं. होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढली, तिच्यात घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा उंदीरही. मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, जो भाग सर्वांत स्वच्छ असेल तिथून जाईल, असं जाहीर झाल्यावर गल्ल्या झाडल्या गेल्या. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा आहे.

मंडळाच्या पहिल्या बैठकीत हाच अहवाल वाचायला घ्या. प्लेगने पोळलेल्या घरांत पणजोबांची एखादी वही, एखादं पत्र निघतं का, तेही आपापल्या घरी विचारून या.